सेतु : बांध आणि वाट

संस्कृत ‘सेतु’ हा शब्द ‘सि’ म्हणजे बांधणें या धातूपासून झाला आहे. त्याचे प्रसिद्ध अर्थ दोन : पाणी अडविणारा बांध आणि पाणी ओलांडण्याची वाट. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील सेतु मुख्यतः बांध आहे. रामायणांतील सेतु वाट आहे. छांदोग्योपनिषदाच्या आठव्या अध्यायांत दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत. तेथें आत्मा हा लोकलोकांतरांची सरमिसळ होऊं न देणारा सेतु होय. आणि तोच सेतु तरून गेल्यावर आंधळा डोळस होतो. अडविणें आणि पोंचविणें हीं परस्परविरुद्ध कार्यें एका शब्दांत कशीं नांदतात, हें मुंबईच्या किनाऱ्यावर प्रत्यक्ष पाहावयास मिळतें.

मुंबई सात बेटांची होती तेव्हां महालक्ष्मीची टेंकडी व वरळीचें बेट यांच्यामध्यें मोठें खिंडार होतें. भरतीचें पाणी तेथून आंत शिरून भायखळ्याकडील सखल जमीन बुडवी. उमरखाडी या नांवांत ती खाडी अद्याप शिल्लक आहे. आणि चिखलपाणी तुडवून आलेले लोक जेथें पाय धूत ती पायधुणी, अशी व्युत्पत्ति परंपरेनें सांगतात. कागद नष्ट झाले तरी ग्रामनामें साक्ष देतात, तीं अशीं.

हें खिंडार विल्यम हॉर्नबी याच्या कारकीर्दींत (इ. स. १७७१ ते १७८४) बांध घालून बुजविण्यांत आलें. त्यास ‘हॉर्नबी वेलार्ड’ म्हणत. यांतील ‘वेलार्ड’ हें कुंपण वा बांध या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाचें अपभ्रष्ट रूप आहे. या कामाविषयीं दोन आख्यायिका आहेत. विलायतेंतील कंपनीच्या संचालकांचा हुकूम डावलून हॉर्नबीनें काम तडीस नेलें, ही एक. बांध वारंवार ढासळूं लागला असतां महालक्ष्मीनें रामजी शिवजी प्रभूंस दृष्टांत दिला व खाडींतून देवींच्या मूर्ति काढल्यावर तो टिकला, ही दुसरी. आख्यायिका म्हणजे दप्तर नव्हे, हें संशोधकांस सांगणें नको. परंतु एकींत श्रेय गव्हर्नरास व दुसरींत देवीस आहे. दगड वाहणाऱ्या मजुरांस कोणत्याहि कथेंत नांव नाहीं, एवढें नमूद केलें पाहिजे.

बांधानें समुद्र अडला, आणि त्याच्याच माथ्यावरून लोकांस रस्ता मिळाला. तोच आजचा लाला लजपतराय मार्ग. एक सेतु, दोन्ही अर्थ.

पुढें माहीम व वांद्रें यांमध्यें नावेवांचून गति नव्हती. तेथील सेतूसाठीं आवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनीं १,५७,००० रुपये दिले व तो १८४५ त खुला झाला. जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून पथकर घेऊं नये, अशी त्यांची अट होती. द्रव्यापेक्षां ही अट मला मोठी वाटते. कारण वाट बांधणें निराळें आणि ती सर्वांस मोकळी ठेवणें निराळें.

हा भेद आजहि जिवंत आहे. दगडी भिंतीवर आपटलेली लाट मागें फिरतांना पायथ्याची वाळू ओढून नेते. भिंत राहते, पण पुळण जाते आणि तिच्याबरोबर समुद्राकांठीं जाण्याची वाटहि जाते. वरळीस समुद्राकांठच्या नव्या महामार्गाचें काम चाललें असतां, पुलाच्या खांबांतील ६० मीटरांच्या अंतरांतून होड्या सुखरूप जाणार नाहींत, अशी कोळी बांधवांची तक्रार होती. मोठ्या आग्रहानंतर २०२२ च्या अखेरीस तें अंतर १२० मीटर करण्याचें ठरलें. मार्गाचा पहिला भाग मार्च २०२४ मध्यें खुला झाला. ज्यांची वाट समुद्रांतूनच आहे, त्यांच्याकरितां सेतूंत फट ठेवणें हाहि सेतुधर्मच होय.

तात्पर्य, कोणत्याहि बांधाविषयीं दोन प्रश्न विचारावे : यानें काय अडविलें, आणि कोणास पोंचविलें? पहिल्याचें उत्तर सरकारी दप्तरांत सांपडतें. दुसऱ्याचें उत्तर बहुधा घरोघरच्या रुमालांत पडून आहे. कोकणांतील खारांच्या व खाजणांच्या बांधांविषयीं करारपत्रें, निवाडे किंवा दुरुस्तीचे हिशेब ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या, अशी विनंती आहे. बांधावरून जाण्याचा हक्क कोणाचा, याची एखादी ओळ जरी त्यांत मिळाली, तरी ती वाळवीच्या तोंडीं जाण्यापूर्वीं छापली गेली पाहिजे.