विमानातील चार सूचना

सिंदी मेघेहून विमानाने कुठे जायचे तर आधी नागपूरचे सोनेगाव गाठावे लागते. विमानात बसलो, की हवाईसुंदरी समोर उभी राहते. पट्टा कसा बांधावा, दारे कुठे आहेत, जाकीट केव्हा फुगवावे, हे ती हातवारे करून सांगते. आणि आपण? आपण खिडकीबाहेर पाहतो. मनात म्हणतो, विमान पडलेच तर या चार सूचनांनी काय व्हायचे आहे?

इतिहास मात्र वेगळे सांगतो. 26 एप्रिल 1993 रोजी औरंगाबादहून मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग उड्डाण करता करताच धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावरील ट्रकला धडकले. ट्रकमध्ये काय होते? कापसाच्या गाठी! आपल्या वर्धा जिल्ह्याला त्या काही नव्या नाहीत. पुढे विजेच्या तारांना लागून विमान कोसळले. 118 जणांपैकी 55 दगावले. पण 63 वाचले. तेव्हा विमान पडले म्हणजे सारे संपले, असे नव्हे. हाताशी थोडा वेळ उरतो, आणि त्या वेळात काय करावे हेच त्या सूचना सांगतात.

1985 साली इंग्लंडात मँचेस्टरला तर विमान जमिनीवरून उठलेही नव्हते. इंजिनाला आग लागली आणि 55 माणसे गेली. बहुतेकांचा जीव धुराने घेतला. धुरात दार दिसत नाही, ते आधीच ठाऊक असावे लागते.

1996 साली कोमोरो बेटांजवळ इथिओपियाचे विमान समुद्रात उतरले. कित्येकांनी जाकिटे आतच फुगवली होती. पाणी शिरले तसे ते छताला टेकले. बुडी मारून दार गाठता येईना. 175 पैकी 125 जण मृत्युमुखी पडले. ‘बाहेर पडतानाच फुगवा’ हे वाक्य किती मोलाचे, ते तेव्हा कळले.

आता दुसरी बाजूही पाहू. 2009 साली न्यूयॉर्कच्या हडसन नदीत विमान उतरले, तेव्हा सर्व 155 जण वाचले; पण चौकशीत आढळले, की बहुतेकांनी सूचनांकडे लक्षच दिले नव्हते. त्यांना तारले ते वैमानिकाच्या कौशल्याने, सेवकवर्गाने आणि धावून आलेल्या बोटींनी. अशी बोट प्रत्येक वेळी जवळ असेलच असे नाही.

उलट 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर पेटलेल्या जपानी विमानातून सर्व 379 जण बाहेर पडले, सामान मागे ठेवून.

सारांश, नुसते ऐकून हात तयार होत नाहीत. पोहण्याचे पुस्तक वाचून कोणी विहिरीत उडी घेत नाही! म्हणून पुढल्या प्रवासात एवढे करा : पट्टा एकदा लावून-सोडून पाहा, आणि आपल्या जागेपासून दारापर्यंतच्या रांगा मोजा. मागच्या दाराच्यासुद्धा. मिनिटभराचे काम आहे.