मराठी विज्ञानकथेचे समीक्षात्मक स्वागत : छापील पानापासून दूरचित्रवाणीपर्यंत

प्रस्तावना

मराठी वाङ्मयेतिहासात विज्ञानकथेचा उल्लेख बहुधा 'इतर प्रवाह' या शीर्षकाखाली, एखाद्या परिच्छेदात येतो. त्या परिच्छेदात काही लेखकांची नावे असतात, काही संग्रहांची यादी असते आणि या साहित्यामुळे समाजात वैज्ञानिक दृष्टिकोन रुजण्यास मदत झाली, असा अभिप्राय असतो. कथा म्हणून त्या कथांचे मूल्य काय, याची चर्चा क्वचितच आढळते. विज्ञानकथा छापील पानावरून दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आली तेव्हाही हाच अनुभव आला. मराठी समीक्षेने विज्ञानकथेचे स्वागत कोणत्या निकषांवर केले, ते निकष कसे घडले आणि त्यांचा या साहित्यप्रकारावर काय परिणाम झाला, याचा ऐतिहासिक आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पूर्वपीठिका

मराठीत विज्ञानकथेचा प्रवेश भाषांतराच्या वाटेने झाला. 'केरळ कोकिळ' या मासिकात १९०० च्या सुमारास ज्यूल व्हर्नच्या चांद्रसफरीच्या कादंबरीचे भाषांतर प्रसिद्ध झाले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' ही कथा आली. मराठीतील पहिली स्वतंत्र विज्ञानकथा म्हणून अभ्यासक सामान्यतः तिचाच निर्देश करतात. पुढे भा. रा. भागवत यांनी व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी कुमारवाचकांपर्यंत पोहोचविल्या, तर नारायण धारप यांनी भयकथेबरोबरच विज्ञानकथाही लिहिली.

या आरंभकाळातच दोन समजुती रूढ झाल्या. भाषांतरित व्हर्न प्रामुख्याने मुलांच्या हाती पडल्यामुळे विज्ञानकथा हे कुमारसाहित्य होय, अशी पहिली समजूत बनली. भय, गूढ आणि रहस्य यांच्या शेजारी तिची मांडणी होत राहिल्याने ती रंजनप्रधान साहित्यात मोडते, ही दुसरी. गंभीर समीक्षेने ज्या दोन दालनांकडे फारसे लक्ष दिले नाही, नेमक्या त्याच दालनांत विज्ञानकथा लहानाची मोठी झाली.

१९७४ ची स्पर्धा आणि कऱ्हाडचे व्यासपीठ

१९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानप्रसाराच्या कार्याचा एक भाग म्हणून विज्ञानकथा स्पर्धा सुरू केली. १९७४ च्या स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला प्रथम पारितोषिक मिळाले. कथेवर लेखकाचे नाव 'नारायण विनायक जगताप' असे होते. प्रत्यक्षात ती टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांची होती. आपल्या नावाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने घेऊन त्यांनी हे टोपणनाव तयार केले होते. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नी मंगला नारळीकर यांनी लिहून काढली होती. शास्त्रज्ञ म्हणून लाभलेल्या कीर्तीचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये, केवळ कथा वाचली जावी, हा त्यामागील हेतू होता.

पुढील वर्षी, १९७५ मध्ये, कऱ्हाड येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. आणीबाणीच्या काळातील हे संमेलन दुर्गा भागवत यांच्या अध्यक्षतेखाली झाले आणि लेखनस्वातंत्र्याच्या त्यांच्या निर्भीड पुरस्कारामुळे ते इतिहासात नोंदले गेले. मात्र त्याच संमेलनात अध्यक्षांनी नारळीकरांच्या विज्ञानकथेची दखल घेऊन मराठीतील एका नव्या वाटेकडे लक्ष वेधले होते, हे फारसे स्मरणात राहिलेले नाही. लोकसाहित्य, समाजशास्त्र आणि निसर्ग यांचा सारख्याच आस्थेने अभ्यास करणाऱ्या विदुषीला ही वाट दिसावी, यात आश्चर्य नाही. आश्चर्य याचे वाटते, की त्यांनी दाखविलेल्या वाटेने पुढे जाणारे समीक्षक फारसे निघाले नाहीत.

स्वागताचा निकष : उपयुक्तता

१९७५ नंतर विज्ञानकथेला वाचक मिळाले, प्रकाशक मिळाले आणि दिवाळी अंकांत जागाही मिळाली. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे, अरुण मांडे यांच्या लेखनाने हा प्रवाह विस्तारला. बाळ फोंडके यांनी संपादित केलेल्या आणि नॅशनल बुक ट्रस्टने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी संग्रहामुळे मराठी विज्ञानकथा अन्य भारतीय भाषांतील कथांच्या सोबतीने मराठीबाहेरील वाचकांसमोर गेली.

समीक्षेचा निकष मात्र स्पर्धेच्या आयोजनामागील उद्दिष्टाशीच बांधलेला राहिला. विज्ञानप्रसार हे उद्दिष्ट असल्यामुळे 'या कथेतून वाचकाला कोणते विज्ञान कळले?' हा प्रश्न प्रथम विचारला गेला. स्तुती करणाऱ्यांनी कथेतील माहितीची अचूकता वाखाणली, तर दोष दाखविणाऱ्यांनी माहितीचा भार आणि पात्रांचा ठोकळेबाजपणा यांवर बोट ठेवले. वरवर परस्परविरोधी वाटणारे हे दोन्ही अभिप्राय एकाच गृहीतकावर उभे आहेत. विज्ञानकथा म्हणजे कथेच्या वेष्टनात गुंडाळलेला विज्ञानाचा धडा, हे ते गृहीतक होय.

सन्मानांची नोंद पाहिली तरी हेच चित्र दिसते. नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी' या संग्रहाला राज्य शासनाचा पुरस्कार लाभला. १९९६ मध्ये त्यांना युनेस्कोचे कलिंग पारितोषिक मिळाले, ते विज्ञानाच्या लोकप्रियीकरणासाठी. २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मराठी लेखक म्हणून मिळाला, परंतु तो 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रासाठी होता. राष्ट्रीय पातळीवर त्यांच्यातील विज्ञानप्रसारक आणि आत्मचरित्रकार गौरविला गेला, विज्ञानकथाकार नव्हे.

उपयुक्ततेच्या निकषातून काय निसटते, हे दोन कथांवरून स्पष्ट व्हावे. 'धूमकेतू' या कथेत पृथ्वीवर आदळू पाहणाऱ्या धूमकेतूचा मार्ग बदलण्यासाठी देशोदेशींचे शास्त्रज्ञ एकत्र येतात, आणि त्याच वेळी धूमकेतूचा शोध लावणाऱ्या हौशी खगोलनिरीक्षकाच्या स्वतःच्या घरी शांतीसाठी यज्ञ मांडला जातो. धूमकेतूच्या कक्षेचे गणित कथेचा आधार आहे, पण कथेचा प्राण त्या घरातील उपरोधात आहे. वेधशाळा आणि देवघर एकाच छपराखाली नांदणाऱ्या भारतीय मध्यमवर्गाचे हे चित्रण सामाजिक कथेच्या कसोटीवरही उतरणारे आहे.

गंगाधरपंत गायतोंडे या इतिहासाच्या प्राध्यापकाची कथा तर इतिहासाच्या अभ्यासकांसाठीच लिहिल्यासारखी आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी जर हुकली असती तर काय झाले असते, या प्रश्नाचा विचार करणारे गंगाधरपंत एका अपघातानंतर मराठे विजयी झालेल्या जगातच जाऊन पोहोचतात. इतिहासात कार्यकारणभाव कितपत अटळ असतो आणि एका क्षणाच्या योगायोगाला किती महत्त्व द्यावे, हा इतिहासलेखनशास्त्रातील मूलभूत प्रश्न येथे कथारूप घेतो. या कथेचे इंग्रजी रूप २००६ मध्ये एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाले. पानिपताची जखम ज्या भाषेत आजही म्हणी-वाक्प्रचारांतून बोलते, त्या भाषेतील ही कथा देशभरातील विद्यार्थ्यांनी इंग्रजीच्या तासाला वाचली.

अंबाजोगाई ते नांदेड : अन्य प्रवाहांशी तुलना

विज्ञानकथेच्या उपेक्षेसाठी समीक्षकांच्या विज्ञानविषयक अनास्थेला जबाबदार धरले जाते. हे कारण अपुरे आहे. त्याच काळात ग्रामीण आणि दलित साहित्यालाही प्रस्थापित समीक्षेच्या अनास्थेशी झुंजावे लागले होते, तरीही त्या प्रवाहांनी आपले स्थान मिळविले. १९८३ मध्ये बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे व्यंकटेश माडगूळकर, १९८४ मध्ये जळगाव येथे शंकरराव खरात आणि १९८५ मध्ये नांदेड येथे शंकर पाटील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी होते. सलग तीन संमेलनांची ही मालिका मराठी साहित्याचा केंद्रबिंदू सरकल्याची खूण होती, आणि त्यांपैकी दोन संमेलने मराठवाड्याच्या भूमीत झाली.

या प्रवाहांना आपल्यातूनच समीक्षक लाभले. आनंद यादव यांनी ग्रामीण साहित्याच्या स्वरूपाची सैद्धांतिक मांडणी केली. औरंगाबाद येथून गंगाधर पानतावणे यांनी चालविलेल्या 'अस्मितादर्श'ने दलित लेखकांबरोबरच दलित साहित्याची चर्चाही घडविली. शरणकुमार लिंबाळे यांनी दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्राचा प्रश्न उभा केला. जुन्या मोजपट्टीने आमचे साहित्य मोजता येणार नाही, असे म्हणून हे अभ्यासक थांबले नाहीत. त्यांनी नवी मोजपट्टी घडविली.

विज्ञानकथेच्या बाबतीत असे झाले नाही. तिचे बहुतेक महत्त्वाचे लेखक विज्ञान, वैद्यक किंवा अभियांत्रिकी क्षेत्रातून आले. त्यांचे व्यासपीठ विज्ञान परिषदेचे होते. समीक्षक मात्र भाषा विभागांत होते. महाविद्यालयाच्या इमारतीत कला आणि विज्ञान शाखांच्या मध्ये जी भिंत असते, तीच मराठी विज्ञानकथा आणि मराठी समीक्षा यांच्यामध्येही उभी राहिली.

दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथा

हीच भिंत दूरचित्रवाणीच्या संदर्भात अधिक ठळकपणे दिसते. येथे एक ऐतिहासिक योगायोग लक्षणीय ठरतो. केंब्रिज येथे नारळीकर ज्यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करीत होते, ते फ्रेड हॉईल स्वतः विज्ञानकथाकार होते. नारळीकर त्यांचे विद्यार्थी असतानाच, १९६१ मध्ये, हॉईल आणि जॉन इलियट यांची 'ए फॉर अँड्रोमेडा' ही मालिका बीबीसीवरून प्रसारित झाली आणि १९६२ मध्ये तिचा पुढील भाग असलेली दुसरी मालिकाही आली. गुरूची विज्ञानकथा पडद्यावर मालिकारूपाने विस्तारली, तर शिष्याची मराठीत मुख्यतः पानावर वाढली.

अमेरिकेत 'स्टार ट्रेक' (१९६६ ते १९६९) या मालिकेतून पुढे अनेक उपमालिका निर्माण झाल्या. १९८७ मध्ये सुरू झालेल्या 'द नेक्स्ट जनरेशन'ची आरंभी मूळ मालिकेशी तुलना करून तिला उणे ठरविणारे पुष्कळ होते. तिलाच १९९४ मध्ये सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेच्या एमी पुरस्कारासाठी नामांकन मिळाले. १९९३ ते १९९९ या काळातील 'डीप स्पेस नाईन' ही मालिका एका अंतराळस्थानकावर स्थिरावलेली, युद्ध आणि धर्म यांसारखे प्रश्न दीर्घ कथानकातून हाताळणारी होती. तिचे महत्त्व तर बरेच नंतर मान्य झाले. मुद्दा असा, की तेथे पुनर्मूल्यमापन शक्य झाले, कारण मूल्यमापनाची परंपरा अस्तित्वात होती.

भारतात ऐंशीच्या दशकात 'स्टार ट्रेक' दूरदर्शनवर दिसले. 'स्पेस सिटी सिग्मा', आनंद महेंद्रू दिग्दर्शित 'इंद्रधनुष' (१९८९) आणि केतन मेहता यांची 'कॅप्टन व्योम' (१९९८) या हिंदी मालिका घराघरांत पाहिल्या गेल्या. पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत 'कोई मिल गया' (२००३) या चित्रपटापासून एक मालिकाच उभी राहिली. तिच्यातून 'जे बोले तो जादू' (२००४) हा दूरचित्रवाणी कार्यक्रम आणि 'किड क्रिश' (२०१३) हे सजीवपट निघाले. चित्रपटाविषयी मूळ प्रेरणा कोणती, सत्यजित राय यांच्या 'द एलियन' या न झालेल्या चित्रपटाशी त्याचे नाते काय, अशी चर्चा झाली. त्यातून निघालेल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांना मात्र मुलांची करमणूक एवढ्याच खात्यात टाकले गेले. शतकापूर्वी व्हर्नच्या भाषांतरांच्या वाट्याला जे वर्गीकरण आले, तेच माध्यम बदलल्यावरही कायम राहिले.

समारोप

२०२१ मध्ये नाशिक येथील ९४ व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी नारळीकरांची निवड झाली. प्रकृतीच्या कारणाने ते प्रत्यक्ष उपस्थित राहू शकले नाहीत. कऱ्हाडच्या व्यासपीठावरून जिची दखल घेतली गेली, ती विज्ञानकथा ४६ वर्षांनी अध्यक्षपदापर्यंत पोहोचली. २० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकरांचे निधन झाले. त्यानंतरच्या श्रद्धांजलीपर लेखनात शास्त्रज्ञ आणि विज्ञानप्रसारक या दोन विशेषणांनंतरच बहुधा कथाकार हे विशेषण आले.

या आढाव्यातून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, मराठी विज्ञानकथेला वाचकांची उपेक्षा सोसावी लागली नाही. तिला उणीव भासली ती समीक्षकांची. दुसरी, उपयुक्ततेच्या निकषाने तिला प्रतिष्ठा दिली, पण त्याच निकषाने तिला साहित्याच्या उंबरठ्याबाहेर ठेवले. तिसरी, ग्रामीण व दलित साहित्याच्या इतिहासावरून दिसते, की नव्या साहित्याला स्वतःची समीक्षा घडवावी लागते. ती आपोआप लाभत नाही.

१९७४ मध्ये एका शास्त्रज्ञाने स्वतःचे नाव लपविले, ते कथा केवळ कथा म्हणून वाचली जावी यासाठी. ती अपेक्षा पूर्ण करण्याचे काम भाषा, इतिहास, भौतिकशास्त्र आणि माध्यमविद्या यांच्या अध्यापकांना एकत्र बसूनच करावे लागेल. गंगाधरपंतांची कथा इतिहासाच्या वर्गात आणि 'धूमकेतू' समाजशास्त्राच्या वर्गात वाचता येण्यासारखी आहे. त्यासाठी नव्या इमारतीची गरज नाही. जुन्या इमारतीतील एका भिंतीत दार पाडणे पुरेसे आहे.