हौशी सारथ्याची सनद

मोटारींच्या शर्यतीविषयी आपल्याकडील सुशिक्षित मनुष्याची समजूत बहुधा अशी असते की, तो श्रीमंतांचा किंवा वेडपटांचा खेळ असून, त्यात उतरू पाहणाऱ्याजवळ एक वेगवान गाडी आणि जिवाविषयीची बेपर्वाई एवढी सामग्री असली म्हणजे पुरे. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर या खेळाची जी हौशी शाखा फोफावली, तिचा आरंभकाळ पाहिला तर ही समजूत अगदीच निराधार म्हणवत नाही. कारण पहिली काही वर्षे तो कारभार खरोखरच या दोन गोष्टींच्या भांडवलावर चालला होता. पुढे मात्र त्याच मंडळींनी आपण होऊन स्वतःवर तपासण्या, वैद्यकीय दाखले, परवाने, नोंदवह्या आणि नवशिक्यांसाठी सक्तीची शाळा यांचा असा काही जाच लादून घेतला की, एखाद्या जुन्या मामलेदार कचेरीला त्याचा हेवा वाटावा. आणि तो खेळ पुढे तगला याचे श्रेय त्यातील शूरांपेक्षा त्यातील कारकुनांना अधिक द्यावे, असे माझे मत आहे.

१९४४ साली, म्हणजे युद्ध चालू असताना आणि पेट्रोलवर नियंत्रण असताना, बोस्टनच्या परिसरातील काही मोटारप्रेमींनी ‘स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिका’ ही संस्था स्थापन केली, तेव्हा तिचा हेतू शर्यती भरवण्याचा नव्हता. जुन्या, देखण्या, खेळकर गाड्यांचे जतन व्हावे आणि त्यांच्या मालकांनी एकत्र जमावे, इतकाच तो माफक होता. युद्ध संपले आणि इंग्लंडमध्ये तळ ठोकून राहिलेले अमेरिकन तरुण मायदेशी परतले, ते तिथल्या अरुंद वळणदार रस्त्यांवर पाहिलेल्या छोट्या उघड्या गाड्यांची ओढ मनात घेऊन. एम. जी. कंपनीची टी. सी. ही गाडी त्यांच्या विशेष मर्जीतली. साडेबाराशे घनसेंटिमीटरचे इंजिन, चोपन्न अश्वशक्ती, तारांच्या आऱ्यांची एकोणीस इंची उंच चाके, पुढे आडवी पाडता येणारी काच आणि सुकाणू उजव्या हाताला! डेट्रॉइटच्या प्रशस्त गाड्यांपुढे ती खेळणे वाटे. पण वळणावर चालकाच्या हाताला रस्त्याची जी जाणीव ती करून देई, ती त्या प्रशस्त गाड्यांत शोधूनही सापडत नसे.

या हौसेला पहिले मोठे रिंगण मिळवून दिले ते कॅमरन आर्गेटसिंगर या कायद्याच्या विद्यार्थ्याने. न्यूयॉर्क राज्यातील वॉटकिन्स ग्लेन या गावाच्या पुढाऱ्यांची समजूत घालून, गावातील रस्ते आणि भोवतालच्या टेकड्यांवरील वाटा मिळून सुमारे ६.६ मैलांचा मार्ग त्याने आखला, आणि २ ऑक्टोबर १९४८ रोजी तेथे शर्यत झाली. मार्गाचा काही भाग डांबरी, काही खडीचा, काही निव्वळ मातीचा होता. वाटेत एक दगडी पूल होता, आणि लोहमार्ग ओलांडावा लागत असल्यामुळे शर्यतीपुरत्या आगगाड्या थांबवून ठेवण्यात आल्या होत्या. फ्रँक ग्रिझवल्ड याने आल्फा रोमिओ चालवून मुख्य शर्यत जिंकली. विल्यम मिलिकन हा विमानांच्या चाचण्या घेणारा अभियंता एका वळणावर आपल्या बुगाटीसकट उलटला आणि सुखरूप बाहेर पडला. त्या वळणाला लोकांनी त्याचेच नाव दिले. आणि हाच मिलिकन पुढे मोटारीच्या गतिशास्त्राचा मोठा अधिकारी पुरुष म्हणून मान्यता पावला. स्वतः उलटल्यावाचून वळणाचे गणित कळत नाही असा सिद्धांत मला यावरून काढायचा नाही, परंतु त्या काळी शिकण्याची दुसरी सोय नव्हती, हे खरे.

त्या पद्धतीच्या शिक्षणाची फी लवकरच वसूल झाली. १९५० साली वॉटकिन्स ग्लेनलाच सॅम कॉलिअर हा अनुभवी आणि लोकप्रिय चालक फेरारी चालवताना मृत्यू पावला. तरीही चालकाने जाणूनबुजून पत्करलेला धोका म्हणून त्याचे दुःख सहन झाले असते. १९५२ साली मात्र भर गावात, पदपथाच्या कडेला दाटीने उभ्या असलेल्या प्रेक्षकांना एका गाडीचा धक्का बसून सात वर्षांचा एक मुलगा ठार झाला आणि अनेक माणसे जखमी झाली. या घटनेनंतर विमा उतरवणाऱ्यांनी हात आखडते घेतले, राज्यसरकारे सार्वजनिक रस्ते देण्यास नाखूष झाली, आणि ज्या गावांनी कालपर्यंत या पाहुण्यांचे स्वागत केले होते, त्यांनाही ते नकोसे होऊ लागले.

अशा वेळी मदतीला आले ते कोणी क्रीडामंत्री नव्हेत, तर अण्वस्त्रवाही बाँबफेकी विमानांच्या दलाचे सेनापती, जनरल कर्टिस लमे. हे स्वतः मोटारींचे शौकीन असून त्यांच्याजवळ अॅलार्ड गाडी होती. १९५२ च्या ऑक्टोबरात जॉर्जियातील टर्नर तळावर आणि त्यानंतर १९५४ पर्यंत अशाच अनेक हवाई तळांवर त्यांनी क्लबाच्या शर्यती भरू दिल्या; प्रवेशशुल्काचे उत्पन्न वैमानिकांच्या व सैनिकांच्या राहणीच्या सुखसोयींसाठी खर्ची पडे. सरकारी तळाचा असा उपयोग करावा काय, असा आक्षेप काँग्रेसमध्ये निघाल्यावर हा प्रकार बंद झाला, पण तोपर्यंत व्हायचे ते काम झाले होते. ज्या तळावर पहारेकऱ्याच्या परवानगीवाचून कोणी आत येऊ शकत नाही, जेथे झाडे नाहीत, खांब नाहीत, मैलोगणती सपाट काँक्रीट आहे आणि प्रेक्षकाने कुठे उभे राहावे हे हुकमाने ठरते, अशा ठिकाणी गवताच्या गाठी मांडून वळणे आखली म्हणजे चूक करणारा माणूस गरगर फिरून थांबतो, आणि खजील होऊन पुन्हा रांगेत येतो. शाळेला असावी तशी जागा हीच. आणि ओसाड पडलेल्या युद्धकालीन धावपट्ट्यांनी जगभर हा उपकार केला आहे. इंग्लंडातील सिल्व्हरस्टोन हा असाच जुना विमानतळ. आपल्याकडे मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लबाने कित्येक वर्षे शर्यती भरवल्या, आणि १९९० साली इरुंगट्टुकोट्टै येथे स्वतंत्र मार्ग झाला तोवर दक्षिणेतील हौशी चालकांचे विद्यापीठ ते शोलावरमच होते.

अमेरिकन क्लबाच्या चालक-शाळेचा शिरस्ता पन्नाशीच्या दशकात रुळत गेला. नवशिक्याने प्रथम डॉक्टरचा दाखला रुजू करायचा, क्लबाचे सभासदत्व घ्यायचे, अपघात झाल्यास कोणावर दावा सांगणार नाही असा लेख सही करून द्यायचा, आणि मग स्वतःची गाडी घेऊन ठरलेल्या दिवशी भल्या पहाटे तपासनीसापुढे हजर व्हायचे. यातील ‘स्वतःची गाडी’ हे महत्त्वाचे. ज्या गाडीतून तो सोमवारी कचेरीत जाणार, तिच्यातूनच तो शनिवारी शाळेत येई. कित्येकांना तीच गाडी चालवत परत घरीही जायचे असे. त्यामुळे आदल्या आठवड्यातील रात्री घराच्या ओसरीवर कंदील किंवा विजेचा दिवा टांगून जी तयारी चाले, तिच्यात त्या शिक्षणाचा निम्मा भाग उरकत असे.

पहिले काम कमी करण्याचे: जॅक, जादा चाक, पायाखालची जाजमे, कप्प्यातील पाने-पक्कडी, चाकांवरची चकचकीत झाकणे, थोडक्यात वळणावर सुटून उडेल किंवा घरंगळत ब्रेकच्या दांडीखाली जाऊन बसेल अशी प्रत्येक वस्तू बाहेर काढायची. पुढच्या दिव्यांच्या काचा फुटल्या तर त्यांचे तुकडे मार्गावर विखरू नयेत म्हणून त्यांवर चिकटपट्टीची फुली मारायची, आणि त्याच पट्टीचे तुकडे जोडून दारावर आपला क्रमांक काढायचा. मग ब्रेक. ब्रेकच्या नळीतले तेल हवेतील ओलावा शोषून घेते. ओलावा वाढला की ते लवकर उकळू लागते, उकळीची वाफ दाबली जाते पण तेल दाबले जात नाही, आणि उतारावरच्या वळणाशी पाय थेट फळीपर्यंत खाली जातो. कचेरीत जाण्यायेण्यात हे कधी अनुभवास येत नाही, म्हणून जुने तेल काढून नवे भरण्याचा नियम नवशिक्याला निष्कारण वाटे. इंजिनाखालच्या तेलाच्या बुचाला बारीक भोक पाडून त्यातून तार ओवायची आणि ती पिळून जवळच्या भागाला अशी बांधायची की, हादऱ्यांनी बूच सैल होऊ पाहील तर तारेचा ताण त्याला उलट आवळीत राहील. ही युक्ती विमानांच्या फिटरांकडून आलेली. एका गाडीचे सांडलेले तेल मागून येणाऱ्या दहा जणांना मार्गाबाहेर फेकू शकते, म्हणून या वीतभर तारेविषयी तपासनीस कमालीचा हट्टी असे.

त्याची तपासणी पाहण्यासारखी असे. चाक वरखाली धरून तो हलवून पाही आणि बेअरिंगमधला खेळ अजमावी. सुकाणू किती फिरल्यावर चाक वळू लागते ते पाही. ब्रेकवर सगळा भार देऊन उभा राही. बॅटरीला हिसका देऊन ती जागची हलते का ते बघे. तारांची चाके असली तर एक लहानसा पाना घेऊन प्रत्येक तारेवर हलकेच टिचकी मारीत जाई. ताणलेली तार खणखणीत बोले. एखादी बद्द वाजली की मालकाचा चेहरा उतरे. सगळे यथास्थित असले तर गाडीच्या नोंदवहीत तशी नोंद होऊन गाडीला चिठ्ठी चिकटे, नसले तर उणीव लिहिली जाऊन ती दूर झाल्याखेरीज मार्गावर जाण्यास मज्जाव होई. या नोंदवहीशी हुज्जत घालण्यात अर्थ नसे.

गाडीपेक्षा माणसाची तयारी मागाहून सुधारली, हे मनुष्यस्वभावास धरूनच झाले. १९५४ साली क्लबाने स्पर्धकांना कमरेचा पट्टा सक्तीचा केला. तोवर अपघातात गाडीतून बाहेर फेकले गेलेले बरे, अशी भल्याभल्यांची श्रद्धा होती. अंगावरचे सुती कपडे टाकणखार आणि बोरिक आम्लाच्या पाण्यात बुडवून वाळवायचे, म्हणजे ते सहज पेट घेत नाहीत, असा उपाय होता. धुतले की पुन्हा बुडवावे लागत. नोमेक्सचे अग्निरोधक वस्त्र साठीच्या दशकात आले. डोक्याचे प्रकरण अधिक करुण आहे. पोलो खेळणाऱ्यांचे टोप किंवा तशीच हलकी शिरस्त्राणे घालून माणसे शंभर मैलांच्या वेगाने धावत होती, आणि ती डोके वाचवतात की नाही हे कोणी मोजून पाहिले नव्हते. १९५६ साली पीट स्नेल हा हौशी चालक कॅलिफोर्नियातील क्लबाच्या शर्यतीत डोक्याला मार लागून गेला. त्याचे शिरस्त्राण त्याच्या कामी आले नाही. त्याच्या मित्रांनी आणि सहकाऱ्यांनी पुढच्याच वर्षी त्याच्या नावे प्रतिष्ठान काढले, डॉक्टर जॉर्ज स्नाइव्हली यांनी शिरस्त्राणे प्रयोगशाळेत आपटून पाहण्याचे काम हाती घेतले, आणि १९५९ साली त्यांचे पहिले मानक जाहीर झाले. शाळेच्या दारात तपासनीस शिरस्त्राण उलटे करून आतली जी छोटी चिठ्ठी वाचतो, ती त्या घराण्यातली.

प्रत्यक्ष शिक्षण मात्र साधे होते. अनेक शाखांत नवशिक्याला आधी वळणावरच्या निशाणवाल्यांजवळ उभे केले जाई, कारण पिवळे, निळे, काळे आणि तांबडे निशाण जो ओळखत नाही त्याच्या हाती वेग देणे हे इतरांवर अन्याय करण्यासारखे. मग अनुभवी चालक शेजारी बसे. वळणापूर्वी गाडी सरळ असतानाच ब्रेक संपवायचा; बाहेरच्या कडेने येऊन आतल्या कडेला शिवायचे आणि पुन्हा बाहेरच्या कडेकडे गाडी सोडून द्यायची; चवडा ब्रेकवर ठेवून त्याच पायाच्या कडेने इंजिनाला क्षणभर इंधन देत खालचा गिअर घालायचा, म्हणजे चाके हिसका खात नाहीत. धाडसी मनुष्य या शाळेत सहसा मागे पडे आणि मोजूनमापून वागणारा हिशेबनीस वृत्तीचा मनुष्य पुढे जाई, हे शिक्षकांना लवकरच दिसून आले असावे. निदान त्यांचे सारे नियम तरी तसेच सांगतात.

शाळा हा धंदाही होऊ शकतो, हे प्रथम इंग्लंडात दिसले. जिम रसेल या मोटारगराजच्या मालकाने १९५७ साली स्नेटर्टन येथे, म्हणजे युद्धात अमेरिकन बाँबफेकी विमाने जेथून उडत त्याच जुन्या तळावर, आपली शाळा काढली आणि विद्यार्थ्यांसाठी गाड्याही आपल्याच ठेवल्या. १९६१ मध्ये शर्यतींतला चालक कॅरोल शेल्बी याने कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइडला तसाच उपक्रम सुरू केला, आणि १९६८ साली बॉब बाँड्युरंटने. बाँड्युरंटची कथा वेगळी आहे: आदल्या वर्षी वॉटकिन्स ग्लेनलाच ताशी सुमारे दीडशे मैलांच्या वेगात त्याच्या गाडीच्या सुकाणूचा सांधा तुटला, पाय जायबंदी झाले, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने शाळेचा आराखडा तयार केला. या शाळांत विद्यार्थी हात हलवीत येतो, तयार गाडीत बसतो आणि प्रमाणपत्र घेऊन जातो. शिक्षण उत्तम मिळते यात संशय नाही. पण बुचाला तार बांधताना आणि ब्रेकचे तेल बदलताना जे शिक्षण मिळे, ते यात मिळत नाही. पैसे टाकून सोय विकत घेणाऱ्याला ही उणीव जाणवत नाही, हाच तिचा दोष आहे.

क्लबाची जुनी, कष्टाची शाळाही या धंद्यापुढे मावळली नाही. चित्रपटातील भूमिकेसाठी बाँड्युरंटच्या हाताखाली शिकलेला नट पॉल न्यूमन वयाच्या चाळिशीनंतर या खेळाकडे वळला, तेव्हा त्याची कीर्ती जगभर झालेली होती. तरीही १९७२ साली त्याने कनेक्टिकटमधील थॉम्पसनच्या मार्गावर पहिली शर्यत धावली ती इतर हौशी सभासदांच्या रांगेत उभे राहून, आणि १९७६ साली ट्रायम्फ टी. आर. सहा या गाडीवर आपल्या वर्गाचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. स्पर्धकांच्या यादीत त्याचे नाव ‘पी. एल. न्यूमन’ एवढेच लिहिले जाई.