उदरातील प्रमुख नीलांच्या आघातजन्य इजा व त्यांवरील शस्त्रक्रिया : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा सुई आणि धाग्याचा इतिहास म्हणून लिहिला जातो. बीड जिल्ह्यात मात्र जखम आणि शस्त्रक्रियेचे टेबल यांमधील अंतरालाही त्यात स्थान द्यावे लागते. पोटातील प्रमुख नीलांच्या (शिरांच्या) इजा हे याचे ठळक उदाहरण होय.

इजेचे स्वरूप व उपचारांचा विकास :
शरीराच्या खालच्या भागातील रक्त हृदयाकडे नेणारी अधोमहानीला पाठीच्या कण्यालगत खोलवर असते. बैलाचे शिंग, चाकूचा वार किंवा वाहनाचा अपघात यांनी ती फाटते. नीलेतील रक्ताचा दाब कमी असल्याने साखळलेले रक्त व आजूबाजूच्या ऊती काही वेळ ती गळती रोखून धरतात आणि रुग्ण रुग्णालयापर्यंत जिवंत पोहोचू शकतो. पोट उघडताच हा आधार सुटतो. त्या क्षणी रक्ताचा साठा, भूल देणारा तज्ज्ञ आणि दोन जादा हात नसतील तर निष्णात शल्यविशारदही हतबल ठरतो.

सुश्रुताने रक्तस्राव थांबविण्याचे संधान, स्कंदन, पाचन व दहन असे चार उपाय सांगितले. परंतु उदराच्या तळाशी असलेली नीला त्यांच्या आवाक्यापलीकडची होती. १८८२ मध्ये जर्मन शल्यविशारद माक्स शेडे यांनी फाटलेली नीला टाके घालून यशस्वीपणे शिवली. रक्तवाहिन्या जोडण्याचे आलेक्सी कॅरेल यांचे तंत्र १९०२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक लाभले. यकृतामागील नीलेच्या इजेसाठी १९६८ मध्ये श्रॉक यांनी नळीद्वारे रक्त हृदयाकडे वळविण्याची युक्ती मांडली, मात्र तिचे निष्कर्ष निराशाजनकच राहिले. पुढे गॉज दाबून रक्तस्राव आवरणे व रुग्ण सावरल्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करणे ही साधी वाटणारी रीत अधिक जीव वाचविणारी ठरली.

बीड जिल्ह्यातील स्थिती :
बीड तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. १८८८ व १८८९ मध्ये राजधानीत क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेविषयी दोन आयोग नेमले गेले व त्यांची चर्चा लंडनपर्यंत पोहोचली. राजधानीतील ही विद्या खेड्यापर्यंत किती झिरपली असेल, याचा अंदाज करणे कठीण नाही. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर १९५६ मध्ये औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तरी ते बीड शहरापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, आणि अंबाजोगाईपासून दोनशेच्या घरात. म्हणून निजामकाळातील मोमिनाबादेत, म्हणजेच अंबाजोगाईत, १९७४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही घटना या जिल्ह्यातील पोटाच्या जखमीच्या दृष्टीने १९०२ पेक्षा कमी महत्त्वाची नाही. शल्यविशारद, भूलतज्ज्ञ व अध्यापन हे सारे एका छताखाली तालुक्याच्या गावी आले.

तथापि हे गाव जिल्ह्याच्या पूर्व टोकाला आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या १०८ रुग्णवाहिका सेवेने वाहतुकीचा प्रश्न काहीसा हलका केला. तरीही आष्टी तालुक्यातील जखमीस आजही अंबाजोगाईपेक्षा शेजारच्या जिल्ह्यातील अहिल्यानगर कितीतरी जवळ पडते.