ठिबकच्या जुन्या नळ्यांचं पुढे काय होतं? प्लास्टिक पुनर्चक्रणाचं प्रमाणपत्र आणि ऑडिट, सविस्तर माहिती

जळगाव/धुळे : रावेर, यावल, चोपडा भागात केळीची बाग मोडली की बांधावर ठिबकच्या जुन्या नळ्यांचा ढीग लागतो. शिरपूर, साक्रीकडे मिरची-पपईच्या शेतातही तेच चित्र. भंगारवाला येतो, काट्यावर माल घेतो, रोख पैसे देतो आणि जातो. पुढे त्या नळ्यांचं काय होतं हे शेतकऱ्याला सहसा कळत नाही. पण हाच माल दाणा होऊन एखाद्या कारखान्यात पोहोचतो, आणि त्या कारखान्याला आपल्या वस्तूवर 'पुनर्चक्रित प्लास्टिकपासून बनवलेली' असं लिहायचं असेल, तर आता नुसतं सांगून भागत नाही. बाहेरच्या, त्रयस्थ माणसाने येऊन तपासलेलं प्रमाणपत्र लागतं.

जळगावसाठी हा विषय लांबचा नाही. पाइप, ठिबक आणि प्लास्टिक चटई हे इथल्या एमआयडीसीचे ओळखीचे धंदे. चटईत तर पुनर्चक्रित दाणा मोठ्या प्रमाणावर चालतो. आपल्याकडची बरीच चटई भंगारातून आलेल्या मालावरच विणली जाते.

दोन वेगळी प्रमाणपत्रं, गल्लत नको

प्रमाणपत्र म्हटलं की लोक दोन गोष्टी एकत्र करतात. एक सरकारी, दुसरं बाजाराचं.

सरकारी प्रमाणपत्र येतं प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मधून. या नियमांत १६ फेब्रुवारी २०२२ रोजी दुरुस्ती होऊन 'विस्तारित उत्पादक जबाबदारी' म्हणजे ईपीआरची चौकट आली. सोप्या भाषेत, जी कंपनी बिस्किटाचा पुडा, तेलाचा कॅन किंवा शाम्पूची पुडी बाजारात आणते, तिने तेवढ्या प्लास्टिकची विल्हेवाट लावल्याचा पुरावा द्यायचा. हा पुरावा म्हणजे नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्याने दिलेलं प्रमाणपत्र. ते केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर तयार होतं आणि कंपन्या ते विकत घेतात. म्हणजे कारखान्याला दाणा विकूनही पैसे आणि प्रमाणपत्र विकूनही पैसे.

इथे खान्देशासाठी एक महत्त्वाची गोष्ट आहे. ईपीआर हे वेष्टनाच्या प्लास्टिकसाठी आहे. ठिबकची नळी हे वेष्टन नाही. त्यामुळे हजार किलो नळ्या वितळवल्या तरी त्यावर ईपीआरचं प्रमाणपत्र काढता येत नाही. खताची गोणी, बियाण्याची पिशवी, दुधाची पिशवी मात्र त्यात बसते. कारखान्यातच पडलेल्या कातरणीवरही हे प्रमाणपत्र मिळत नाही. माल ग्राहकाच्या वापरातून आलेला हवा.

दुसरं प्रमाणपत्र स्वेच्छेचं. परदेशी किंवा मोठा देशी खरेदीदार मागतो म्हणून कारखाना ते घेतो. यात सर्वाधिक ऐकू येणारं नाव 'ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड', म्हणजे जीआरएस. हे मानक २००८ मध्ये 'कंट्रोल युनियन' या तपासणी संस्थेने बनवलं आणि २०११ पासून ते 'टेक्स्टाइल एक्स्चेंज' या संस्थेकडे आहे. नावावरून कापडाचं वाटतं, पण प्लास्टिकलाही लागू होतं. वस्तूत किमान २० टक्के पुनर्चक्रित माल असेल तर प्रमाणन मिळू शकतं. ग्राहकाला दिसेल असा लोगो वस्तूवर लावायचा तर किमान ५० टक्के हवा. इथे शेतकऱ्याच्या वापरातून आलेली ठिबकची नळीही मोजली जाते. म्हणून आपल्या भागातल्या मालाला हा रस्ता जास्त जवळचा.

आयएसओ १४००१ चं प्रमाणपत्र भिंतीवर असलं म्हणजे माल पुनर्चक्रित झाला, असं नाही. ते कारखान्याच्या पर्यावरण व्यवस्थापनाबद्दल आहे, दाण्याबद्दल नाही. विक्रेते हे मुद्दाम सांगत नाहीत.

ऑडिटर नेमकं काय बघतो

ऑडिटर म्हणजे मशीन बघायला आलेला पाहुणा नव्हे. त्याचं निम्मं काम वजनाच्या हिशोबाचं असतं. आत किती आलं, बाहेर किती गेलं, मधे किती गेलं आणि का.

समजा, कारखान्याने महिन्याला १०० टन जुन्या नळ्या घेतल्या. त्यात माती असते, ओल असते, मधे ड्रीपर असतात. धुऊन, वाळवून, गाळून ८० टन दाणा निघाला असं कागद सांगतात. मग उरलेले २० टन कुठे? माती किती, धुण्यात किती वाहून गेलं, गाळणीत अडकलेला गठ्ठा कुठे टाकला, याची नोंद हवी. उलट १०० टनातून ९९ टन दाणा निघाला असं कोणी दाखवलं, तरी ऑडिटर थांबतो. खान्देशातल्या काळ्या मातीत लोळलेल्या नळीतून एवढा उतारा येत नाही.

मग येते वीज. भंगार दळायला, वितळवायला वीज लागतेच. दाखवलेला माल जास्त आणि वीजबिल कमी, म्हणजे माल कागदावरच बनला. तसंच मशीनची क्षमता. तासाला जेवढा दाणा मशीन काढू शकतं, त्याच्या दुप्पट उत्पादन बिलांवर दिसलं तर खोटं उघडं पडायला वेळ लागत नाही. यासोबत वजनकाट्याच्या पावत्या, जीएसटी बिलं, ई-वे बिलं, स्टॉक रजिस्टर एकमेकांशी जुळवून बघतात. पुनर्चक्रित आणि नवा दाणा वेगवेगळ्या जागी, वेगळ्या खुणेच्या गोण्यांत ठेवला आहे का, तेही पाहतात.

पाइप कारखान्यांची एक नेहमीची चूक इथेच पकडली जाते. मशीन सुरू करताना बिघडलेला पाइप दळून परत त्याच मशीनमध्ये टाकतात. यात गैर काही नाही, पण तो 'पुनर्चक्रित' म्हणून मोजता येत नाही. आयएसओ १४०२१ या मानकाने ही रेषा स्पष्ट आखली आहे. त्याच प्रक्रियेत परत जाणारी कातरण हिशोबात धरायची नाही.

जीआरएसमध्ये याच्या जोडीला कामगारांच्या अटी, वापरलेली रसायनं आणि सांडपाणीही तपासतात. बालमजूर, हजेरीपट, सुरक्षेची साधनं, सगळं. बऱ्याच छोट्या युनिटचं घोडं दाण्यापेक्षा इथेच अडतं. प्रमाणपत्राची मुदत एक वर्ष. दरवर्षी परत ऑडिट. शिवाय माल पुढे विकताना त्या व्यवहाराचं वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, नाहीतर पुढच्या खरेदीदाराला तो माल प्रमाणित म्हणून दाखवता येत नाही.

भंगारवाल्याला स्वतःला प्रमाणपत्र घ्यावं लागत नाही. पण कारखान्याशी त्याला लेखी करार करावा लागतो, माल कुठून आणला ते सांगावं लागतं आणि ऑडिटर त्याच्या गोदामात डोकावू शकतो.

कारखान्याने सुरुवात कुठून करावी

आधी सरकारी पाया. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची आणि नंतर चालवण्याची संमती, जल कायदा १९७४ आणि वायू कायदा १९८१ खाली. मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय जळगावात आहे. त्यानंतर केंद्रीय पोर्टलवर 'प्लास्टिक कचरा प्रक्रियाकार' म्हणून नोंदणी. दरवर्षी ३० एप्रिलपर्यंत वार्षिक विवरण भरायचं. पुनर्चक्रणाची पद्धत आयएस १४५३४ या भारतीय मानकाप्रमाणे असावी, असं नियमच सांगतात.

हे नसताना थेट परदेशी प्रमाणपत्राच्या मागे लागणारे फसतात. एजंट भेटतो, 'आठ दिवसांत सर्टिफिकेट' म्हणतो. आठ दिवसांत मिळणारं ते सर्टिफिकेट खरेदीदार एका क्लिकवर तपासतो आणि ऑर्डर जाते. खऱ्या तपासणीआधी निदान काही महिन्यांचं नीट रजिस्टर तयार लागतं. सल्ला देणारी आणि ऑडिट करणारी संस्था एकच असेल तर ते त्रयस्थ ऑडिटच नव्हे.

बनावट कागद निघतात तेव्हा

२०२३ मध्ये केंद्रीय मंडळाच्या ऑडिटमध्ये महाराष्ट्र, गुजरात आणि कर्नाटकातल्या चार पुनर्चक्रण कंपन्यांनी मिळून सुमारे ६ लाख बनावट ईपीआर प्रमाणपत्रं काढल्याचं समोर आलं. म्हणजे कागदावर वितळलेलं प्लास्टिक प्रत्यक्षात कारखान्यात आलंच नव्हतं. ते कुठे गेलं असेल, ते नाल्यात आणि उकिरड्यावर बघितलं की कळतं.

खोटी माहिती दिल्याचं सापडलं तर राज्य मंडळ त्या कारखान्याला एक वर्षासाठी ईपीआर व्यवस्थेतून बाहेर काढू शकतं. पर्यावरण भरपाई वेगळी. नुकसान मात्र प्रामाणिक कारखान्याचंही होतं. कागदावरचं प्रमाणपत्र स्वस्तात मिळत असेल तर खरं पुनर्चक्रण करणाऱ्याला भाव मिळत नाही, आणि त्याला भाव नाही तर तो भंगाराला तरी कुठून देणार? गावात येणाऱ्या काट्यावरचा दर इथवर जोडलेला आहे.

शेतकरी आणि ग्रामपंचायतीने काय विचारावं

स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात तालुका पातळीवर प्लास्टिक प्रक्रिया युनिटसाठी १६ लाख रुपयांपर्यंत तरतूद आहे. तिथे गोळा झालेला माल कोणाला विकला, त्या खरेदीदाराचा नोंदणी क्रमांक काय, वजनाची पावती आहे का, हे ग्रामसभेत विचारता येतं. २०१६ च्या नियमांनी प्लास्टिक कचऱ्याची जबाबदारी ग्रामपंचायतीवरही टाकलेली आहे.

शेतकऱ्याने नळ्या विकताना माती झटकून, गुंडाळी करून दिल्या तर उतारा वाढतो आणि दर मागायला तोंड राहतं. पीव्हीसीचे तुकडे नळ्यांत मिसळू नयेत. पीव्हीसी तापल्यावर आम्लाचा वायू सोडतं, सगळा घाणा बिघडवतं आणि मशीनही खातं. म्हणून मिसळलेला ढीग भंगारवाला पडेल भावात उचलतो. कीटकनाशकाचे डबे तर वेगळेच ठेवावेत. ते तीनदा धुऊन, भोक पाडून द्यायचे असतात, घरात पाण्याला वापरायचे नसतात.

मोठी गुंडाळी विकायची असेल, शेतकरी गटाचा किंवा उत्पादक कंपनीचा माल असेल, तर भंगारवाल्याऐवजी थेट नोंदणीकृत कारखान्याला विचारून बघावं. प्रमाणित कारखान्याला माल कुठून आला त्याचा कागद लागतोच, आणि गटाच्या लेटरहेडवरची पावती त्याच्या कामाची असते. कारखाना नोंदणीकृत आहे की नाही हे केंद्रीय मंडळाच्या ईपीआर पोर्टलवर नावाने तपासता येतं. शंका असल्यास संमतीपत्राची प्रत मागावी. त्यावर मंजूर क्षमता आणि मुदत दोन्ही लिहिलेली असते.