सरकार नावाचा घरमालक: फाळणीनंतरच्या दिल्लीतील निर्वासितांचा निवारा

1941 च्या जनगणनेत दिल्ली प्रांताची लोकसंख्या सुमारे 9 लाख 18 हजार होती. 1951 साली ती 17 लाख 44 हजारांवर गेली आणि त्यांतील जवळपास 5 लाख माणसे पश्चिम पाकिस्तानातून आलेले निर्वासित होते. या स्थलांतराचा इतिहास बहुधा दुःखाचा आणि जिद्दीचा इतिहास म्हणून सांगितला जातो, आणि ते चुकीचेही नाही. परंतु त्याच काळात भारत सरकार या शहरातील सर्वांत मोठे घरमालक झाले, भाडे आकारू लागले, थकबाकीच्या नोटिसा काढू लागले आणि घर रिकामे करून घेण्यासाठी कायदे करू लागले, ही बाजू त्या कथनात सहसा झाकोळून जाते.

सप्टेंबर 1947 मध्ये मदत व पुनर्वसन मंत्रालय स्थापन झाले आणि क्षितीशचंद्र नियोगी त्याचे पहिले मंत्री झाले. प्रारंभीचा निवारा अर्थातच छावण्यांचा होता. पुराना किल्ला आणि हुमायूनची कबर येथे पाकिस्तानात जाण्याची वाट पाहणारे, किंवा केवळ जीव वाचवण्यासाठी घर सोडलेले, दिल्लीचे मुसलमान एकवटले होते, तर उत्तरेकडील किंग्जवे कॅम्प ही हिंदू आणि शीख निर्वासितांची शहरातील सर्वांत मोठी छावणी होती. तेथील हडसन लाइन, आउट्रम लाइन ही बराकींच्या रांगांची नावे आजही वस्त्यांची नावे म्हणून टिकून आहेत.

छावणीत भाड्याचा प्रश्न नव्हता. तो उद्भवला निष्क्रांत मालमत्तेमुळे. पाकिस्तानात गेलेल्या, किंवा गेले असे सरकारने ठरवलेल्या, मुसलमानांच्या घरांना आणि दुकानांना कायद्याने हे नाव दिले आणि त्यांचा ताबा कस्टोडियन या अधिकाऱ्याकडे सोपवला. 1950 च्या निष्क्रांत मालमत्ता प्रशासन अधिनियमाने ही व्यवस्था देशपातळीवर पक्की केली. कस्टोडियनचे काम कागदावर विश्वस्ताचे होते, म्हणजे मूळ मालकाच्या वतीने मालमत्ता सांभाळण्याचे. प्रत्यक्षात मात्र त्याला हजारो निर्वासित कुटुंबांना घरे वाटून त्यांच्याकडून भाडे घ्यावे लागे. त्यातच अनेक घरे वाटपाची वाट न पाहता कुलपे तोडून आधीच बळकावलेली होती. मशिदींतही निर्वासितांनी आसरा घेतला होता, आणि जानेवारी 1948 मध्ये गांधीजींनी उपोषण सोडण्यासाठी ज्या अटी घातल्या, त्यांत या मशिदी परत करण्याची आणि मुसलमानांच्या वस्त्यांत बळजबरीने न शिरण्याची अट होती. थंडीच्या दिवसांत एका बेघराला बाहेर काढल्याखेरीज दुसऱ्याचा हक्क राखता येत नव्हता, आणि हा पेच कोणत्याही कस्टोडियनच्या आवाक्यातला नव्हता.

रिकामी घरे पुरणार नाहीत हे स्पष्ट झाल्यावर सरकार बांधकामाकडे वळले. राजेंद्र नगर, पटेल नगर, लाजपत नगर, मालवीय नगर, कालकाजी ही नावे त्या काळातील आहेत. या वसाहती उभारण्याची रीत सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नेहमीच्या शिस्तीतली, म्हणजे निविदा मागवायची, बयाणा रक्कम भरून घ्यायची आणि काम ठेकेदाराला द्यायचे, अशी होती. या चौकटीत निर्वासिताला ठेकेदाराच्या हाताखालचा मजूर किंवा बांधून झालेल्या घराचा भाडेकरू, एवढ्या दोनच भूमिका उरत.

या रीतीला अपवाद ठरला फरिदाबादचा. वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी दिल्लीच्या दक्षिणेस नवे नगर वसवण्याकरिता 1949 मध्ये फरिदाबाद विकास मंडळ नेमण्यात आले. राजेंद्र प्रसाद त्याचे अध्यक्ष होते, गांधीजींचे सहकारी सुधीर घोष मुख्य प्रशासक होते आणि पंतप्रधान नेहरू मंडळाच्या बैठकांना आवर्जून उपस्थित राहत. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनने येथे निर्वासितांच्याच श्रमिक सहकारी संस्था उभारल्या. युनियनचे तरुण कार्यकर्ते लक्ष्मीचंद जैन यांनी पुढे या प्रयोगावर पुस्तकही लिहिले. व्यापार आणि दुकानदारी करून जगलेल्या माणसांनी विटा पाडायच्या, भिंती उभारायच्या आणि त्याच घरांत राहायला जायचे, ही कल्पना बांधकाम खात्याच्या गळी उतरणे कठीणच होते, कारण ज्याच्याकडे बयाण्याची रक्कम नाही आणि पूर्वानुभवही नाही, अशा माणसाशी करार कोणत्या नियमाने करायचा, हा खात्याचा प्रश्न नियमांपुरता अगदी रास्त होता. तरीही काही हजार घरे अशा रीतीने उभी राहिली. पुढे मंडळाची स्वायत्तता गेली, पुनर्वसन मंत्रालयाने कारभार हाती घेतला आणि सहकारी संस्था मागे पडल्या. प्रयोग फसला म्हणून तो गुंडाळला गेला असे म्हणणे अवघड आहे. नेहमीच्या कार्यालयीन चाकोरीत बसवता न आल्यामुळे तो गुंडाळला गेला, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

1954 च्या विस्थापित व्यक्ती भरपाई व पुनर्वसन अधिनियमाने भाडेकरूला मालक होण्याची वाट मोकळी केली. पाकिस्तानात सोडलेल्या मालमत्तेबद्दलचा तपासून मान्य झालेला दावा, ज्याला सर्वांच्या तोंडी ‘क्लेम’ असे नाव होते, घराच्या किमतीत वळता करता येऊ लागला. त्यामुळे मागे हवेली सोडून आलेल्याचे पारडे येथेही जड राहिले, आणि लाहोर-रावळपिंडीत भाड्याच्या खोलीत राहिलेल्याच्या हाती वळते करण्याजोगे काही नव्हते.

ज्यांना ना छावणी, ना वाटपाचे घर मिळाले, त्यांनी सरकारी जमिनीवर, रस्त्यांच्या कडेला आणि बाजारांच्या मागे झोपड्या, घरे आणि दुकाने उभी केली होती. त्यांच्यावरील कारवाईसाठी 1950 चा सरकारी जागा निष्कासन अधिनियम होता. त्याच्या दुरुस्तीचा विषय 1951 मध्ये संसदेत आला, तेव्हा बांधकाम खात्याचे मंत्री होते पुण्याचे नरहर विष्णू तथा काकासाहेब गाडगीळ. त्यांनी सभागृहात आश्वासन दिले की, 15 ऑगस्ट 1950 पूर्वी सार्वजनिक जमिनीवर परवानगीविना वसलेल्या निर्वासितास पर्यायी जागा देऊ केल्याखेरीज हटवले जाणार नाही, आणि ती जागा शक्यतो त्याच्या व्यवसायाच्या ठिकाणाजवळ असेल. अतिक्रमण बेकायदेशीर आहे हे नाकारल्यावाचून त्याला एका तारखेपुरते संरक्षण देण्याची ही युक्ती राजकारणी माणसाची होती आणि कायदेपंडितांना ती रुचण्याजोगी नव्हती. पण बेदखल करणारा कायदा त्यामुळेच निर्वासितांच्या प्रतिनिधींना सहन होण्याजोगा झाला. आश्चर्य हे की, अधिनियमाचा भाग नसलेले हे तोंडी वचन ‘गाडगीळ ॲशुरन्स’ या नावाने जमीन व विकास कार्यालयाच्या फायलींत स्थिरावले आणि मंत्र्यांच्या निधनानंतर कित्येक दशके दिल्लीच्या न्यायालयांत त्याचा आधार घेतला जात राहिला. दावेदाराला त्या तारखेपूर्वीचा ताबा सिद्ध करावा लागे, आणि अशा वेळी शिधापत्रिकेच्या जोडीला त्याच्या उपयोगी पडू शके ती अनधिकृत वापराबद्दल सरकारनेच आकारलेल्या नुकसानभरपाईची जुनी पावती.