पाण्यालाच कामाला लावणारी घड्याळं

जुनं मनगटी घड्याळ दुरुस्तीला आलं की मी मशीन नंतर बघतो, आधी केस. पाणी तीनच वाटांनी शिरतं: काचेच्या कडेनं, मागच्या झाकणाच्या फटीतून आणि चावीच्या दांड्याशेजारून. झाकणाचं कोडं बरंच आधी सुटलं होतं. जिनिव्हाच्या फ्रान्स्वा बोर्जेलनं आट्यांनी बंद होणाऱ्या केसचं पेटंट १८९१ सालीच घेतलं होतं. खरी डोकेदुखी चावीची. ती रोज फिरवायची, म्हणजे केसला भोक आलंच.

सुरुवातीला अख्खं घड्याळ दुसऱ्या डबीत कोंबून बघितलं. पण रोज चावी द्यायला डबी उघडा, पुन्हा आवळा. आटे टिकणार किती? १९२६ च्या रोलेक्स ऑयस्टरमध्ये चावीच आट्यांनी केसवर आवळली. युक्ती पेरेगो आणि पेरे या दोघांची. रोलेक्सच्या हान्स विल्सडॉर्फनं त्यांचं पेटंट विकत घेतलं. ऑक्टोबर १९२७ मध्ये जलतरणपटू मर्सिडीज ग्लाइट्झ इंग्लिश खाडीत पोहायला उतरली तेव्हा त्यानं तिला हे घड्याळ दिलं. दहा तासांहून जास्त पोहल्यावर थंडीनं गारठलेल्या बाईला बाहेर काढावं लागलं. गळ्यातलं घड्याळ मात्र चालू होतं. २४ नोव्हेंबरला ‘डेली मेल’च्या पहिल्या पानावर जाहिरात झळकली. जाहिरात म्हणून अव्वल. पण या चावीची सगळी मदार घालणाऱ्यावर असते. वेळ लावून ती आवळायला विसरलात, तर ऑयस्टर काय आणि साधं घड्याळ काय!

ओमेगानं १९३२ च्या ‘मरीन’मध्ये एका केसमध्ये दुसरी सरकवून चावी आतच दडवली. जिनिव्हा सरोवरात ७३ मीटर खोल बुडवूनही ते घड्याळ तगलं. मला ते नुसतं हट्टी वाटतं.

माझं मन बसलं ते वेगळ्या वाटेवर. स्वित्झर्लंडच्या जुरा भागातल्या बासकूरमध्ये एर्विन पिकेरेझची कंपनी इतर ब्रँडांसाठी केस बनवायची. तिच्या ‘कॉम्प्रेसर’ केसमध्ये पाण्याचा दाब वाढला की झाकण आतल्या रबरी रिंगवर आणखी दाबलं जायचं. म्हणजे जितकं खोल जाल तितकी केस घट्ट.

हीच गोष्ट रशियातल्या चिस्तोपोलमध्ये जास्त रांगडेपणानं साधली. युद्धात, १९४१ साली, मॉस्कोतला घड्याळांचा कारखाना उचलून या गावी आणला होता. तिथं मिखाईल नोविकोव आणि वेरा बेलोवा यांनी १९६७ मध्ये २०० मीटरची ‘अँफिबिया’ तयार केली. स्विसांची पेटंटं टाळायची होती आणि त्यांच्या तोडीच्या अचूक कातकामावर विसंबता येत नव्हतं. मग काच जाड ॲक्रिलिकची घेतली. दाबाखाली ती किंचित चेपते आणि कडेनं केसला अधिकच चिकटते. झाकणाला आटे दिलेच नाहीत. ते खाचेत बसतं, जागचं हलत नाही आणि वरून वेगळी रिंग आवळली जाते. साधं आट्यांचं झाकण फिरताना खालचं वॉशर पिळवटतं. इथं तसं होत नाही, ते सरळ दाबलं जातं. शिवाय वॉशर चांगलं जाडजूड, त्यामुळे मापात थोडं इकडेतिकडे झालं तरी चालून जातं.

अँफिबिया घेऊन आलेलं गिऱ्हाईक हमखास तक्रार करतं, “चावी लडबडतेय हो, घट्ट करून द्या.” मी हात लावत नाही. ती मुद्दाम तशी केलेली आहे. आवळलेल्या चावीचा दांड्याशी संबंध सुटतो, म्हणून तिला बसलेला धक्का मशीनपर्यंत जात नाही. हातात घेतल्यावर स्वस्त वाटणारी ही चावी मला आजही दिमाखदार स्विस चाव्यांपेक्षा जास्त हुशार वाटते.

आजोबांच्या घड्याळाच्या झाकणावर ‘वॉटरप्रूफ’ कोरलेलं असेल, तरी कृपा करून ते घालून पोहायला जाऊ नका. कोरलेली अक्षरं टिकतात. आतलं रबर काही वर्षांत कडक होऊन तडकतं. आधी सगळी रबरं बदलून घ्या, दाबाची चाचणी करून घ्या, आणि त्याला पावसाळ्यात, अगदी हात धुतानाही जपा.